पिवळी साडी आणि हिरवी केळी

निर्मळच्या तळ्याकाठी आमची केळीची वाडी. अहमदाबादच्या जुन्या कोटाच्या भिंतीआत राहणाऱ्या नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात नेसायची पिवळी साडी मामाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, द्यायची होती. ती मी निघायच्या चार दिवस आधीच पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली आणि तिच्या उबेत पिकतील म्हणून नुकत्याच कापलेल्या हिरव्या केळ्यांच्या फण्या घड्यांत खुपसल्या. केवढी मी हुशार! विरारपासून आगगाडीत सगळी वाट त्या ट्रंकेवर राणीसारखी बसून होते.

नणंदेच्या घरी सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि मी कपाळावर हात मारला. फण्यांचा चीक साडीवर सांडून काळा पडला होता. केळीचा डाग जन्मात जात नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या राणीला? लग्न उद्या सकाळी. नवरा पांढराफटक.

नणंदेने साडी उलगडून उजेडात धरली. पिवळ्यावर काळे ठिपकेच ठिपके.

“वहिनी,” ती म्हणाली, “पोरीला ही नेसवायची, की सोलायची?”

आधी नवरीच हसली. मामाची साडी, बदलणार कशी? निऱ्यांत डाग दडवून तिने तीच नेसली.

केळी मात्र झकास पिकली होती हो!