सासूबाई जागच्या हलेनात

माझ्या सासूबाईंनी कुवेत नापसंत करायला विमानतळावरूनच सुरुवात केली. रस्ते उगाच रुंद आहेत, बांगडा बर्फातला आहे, कावळे दिसत नाहीत, अशी यादी आमच्या जाब्रियातल्या फ्लॅटवर पोचेपर्यंत तयार होती. फ्लॅटमध्ये शिरल्यावर त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, पलीकडच्या भिंतीला हात लावला आणि मागीलदार कुठाय म्हणून विचारलं. मागीलदार नाही म्हटल्यावर त्या स्टुलावर बसल्या. ज्या घराला मागीलदार नाही त्या घरात बाई माणसानं दिवसभर करायचं काय, हा त्यांचा प्रश्न होता.

त्या आल्या होत्या माझ्या मुलीसाठी. त्या आल्याला पाचवा आठवडा लागला तेव्हा मुलगी तीन महिन्यांची झाली होती. मी इस्पितळात नर्स, नवरा एका कंपनीत ड्राफ्ट्समन. माझी रजा संपायला आठ-दहा दिवस उरले होते आणि ओळखीतलं एकमेव पाळणाघर सहा महिन्यांच्या आतलं मूल घ्यायला तयार नव्हतं. मधले तीन महिने सासूबाई राहिल्या तरच माझी नोकरी टिकणार होती. नाहीतर राजीनामा तरी द्यायचा, नाहीतर पोर माझ्या आईकडे साताऱ्याला धाडायची. पोर धाडायच्या विचारानं मला रात्री घाम फुटायचा. व्हिजिट व्हिसा वाढवून मिळत होता, पण सासूबाईंचं मन वाढवून मिळत नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी लेकाला स्पष्ट सांगितलं, की माझं तिकीट काढ. त्यानं रविवारचं काढलं.

मी त्यांना राहा म्हणून आग्रह केला नाही. आमचं तसं नातंच नव्हतं. मी घाटावरची. त्या सिंधुदुर्गातल्या. लग्नाला चार वर्षं झाली तरी माझ्या आमटीत त्या नारळ शोधत आणि त्यांच्या सोलकढीत मी तिखट शोधी. पण आमचं खरं दुखणं वेगळं होतं, ते अळंबीचं.

अळंबीच्या बाबतीत सासूबाईंचं गावात नाव होतं. पावसाळ्यात सगळ्या वाडीच्या आधी त्यांची टोपली भरायची. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात मी हौसेनं म्हटलं, मीही येते. त्या मला पायवाटेवरच्या एका आंब्यापर्यंत घेऊन गेल्या, थांब म्हणाल्या, आणि झाडीत शिरल्या. तासाभरानं टोपली पानांनी झाकून परत आल्या. दुसऱ्या वर्षी तोच आंबा. तिसऱ्या वर्षी मी गेलेच नाही. अळंबीची जागा फक्त सुनेला सांगायची अशी त्यांच्या घरातली पद्धत होती, पण सून म्हणजे नुसती लग्न करून आलेली नव्हे. त्यांना स्वतःला त्यांच्या सासूनं लग्नाच्या अकराव्या वर्षी सांगितली होती. शिवाय नियम होते. अळंबी दिसली की ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही, मोजायची नाही. नाहीतर ती त्या जागी पुन्हा येत नाही. मी शास्त्र शिकलेली, तेव्हा मी यावर हसले होते, आणि ते त्यांनी पाहिलं होतं.

आमच्या घराचे मालक खालच्या मजल्यावर राहत. कुवेती कुटुंब. मालकाच्या आईला सगळी बिल्डिंग यम्मा म्हणायची. यम्मा आणि सासूबाई एकाच वयाच्या, एकसारख्याच हट्टी, आणि एकमेकींच्या भाषेचं एक अक्षर न येणाऱ्या. जिन्यात भेट झाली की यम्मा मुलीच्या अंगावर आणखी एक दुपटं घालायची आणि सासूबाई ते काढायच्या. यापुढे ओळख गेली नव्हती.

त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. एका सकाळी यम्मानं परात वर पाठवली. परातीत वाळूनं माखलेले, वेडेवाकडे बटाटे. मी शुक्रन म्हणून आभार मानले आणि बटाट्यांच्या टोपलीत ओतायला निघाले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. एक बटाटा उचलला, नाकाशी नेला, डोळे मिटले. पाच आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काही हललं.

"ह्यो बटाटो न्हय गो," त्या म्हणाल्या. "ही अळमी."

त्यांचं बरोबर होतं. त्याला तिथं फगा म्हणतात. पाऊस झाला की वाळवंटात जमिनीखाली वाढतो, आणि कुवेती माणसं सुट्टीच्या दिवशी तंबू ठोकून तो शोधत फिरतात. सासूबाई परात घेऊन खाली गेल्या. पुढचं बोलणं हातवाऱ्यांनी झालं, पण अर्ध्या तासानं त्या वर आल्या तेव्हा शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी यम्माच्या घरच्यांबरोबर वाळवंटात जायचं ठरलं होतं. तिकीट रविवारचं आहे, तेव्हा शुक्रवार मोकळा आहे, असा त्यांचा हिशेब होता. मला वाटलं, चला, जाताना निदान एक चांगली आठवण घेऊन जातील.

सुलैबिया मागं टाकून गाडी पश्चिमेला लागली तशी मालकानं सूचना द्यायला सुरुवात केली. आखाती लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती, सुरुंग काढले होते, पण एखादा राहिलेला सापडे. म्हणून तंबूच्या आसपासच फिरायचं. लोखंडाचं काही दिसलं तर हात लावायचा नाही. आणि काही संशयास्पद वाटलं तर आहे तिथंच थांबायचं, हात वर करायचा, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. हे त्यानं तीनदा सांगितलं. नवऱ्यानं आईला मालवणीत समजावलं. सासूबाई बरं बरं म्हणाल्या, पण त्यांचं सगळं लक्ष खिडकीबाहेरच्या जमिनीवर होतं. तीनपैकी एकदाही ते त्यांच्या कानात शिरलं नाही, हे आम्हाला पुढं कळलं.

तंबूत मुलीला मालकाच्या बायकोपाशी झोपवलं आणि आम्ही पांगलो. पहिला तासभर सासूबाईंची फजिती झाली. त्या सवयीनं छत्र्या शोधत होत्या, वर आलेल्या, पांढऱ्या, आणि इथं वर काहीच येत नव्हतं. त्या चक्क फग्यावरून चालत होत्या. यम्मा मात्र बुटक्या झुडपांभोवती वाकून बघे, कुठं जमीन जराशी फुगून तडकलेली असली की काठीनं उकरी, आणि फगा निघाला की तो वर धरून अख्ख्या वाळवंटाला ऐकू जाईल असं ओरडे. सासूबाई हे बघून हबकल्या. बाई ओरडते काय, बोटं काय दाखवते, मोजते काय. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की एवढं सगळं करून हिला अळंबी मिळते तरी कशी. मला हसू आवरेना. पण पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी यम्माच्या हातांकडे नीट पाहून घेतलं, आणि मग त्या हळूच बाजूला झाल्या.

त्या दिसेनाशा झाल्याचं आधी नवऱ्याच्या लक्षात आलं. मग त्या दिसल्या. शंभरेक पावलांवर, उघड्यावर, एकट्या, मांडी घालून बसलेल्या. नऊवारी चारी बाजूंनी पसरलेली. त्यानं हाक मारली. त्यांनी एक तळवा आमच्याकडे करून वर धरला. त्यानं पुन्हा हाक मारली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनंच येऊ नको म्हणून सांगितलं. त्या जागच्या हलेनात.

मालकाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं सगळ्यांना आहे तिथं उभं केलं आणि चाकांच्या खुणांवर पाय ठेवत, पोलिसांना फोन लावायला गाडीकडे गेला. यम्माचं ओरडणं थांबलं. नवरा दोन पावलं पुढं गेला तर सासूबाईंनी त्याला हातानं असं झिडकारलं की तो थबकला. मग त्यांनी हनुवटीनं मला खुणावलं. मला एकटीला.

नवऱ्यानं माझा दंड धरला. जाऊ नको म्हणाला, पोलीस येतील म्हणाला. मी त्याचा हात सोडवला. वाळूत सासूबाईंच्या चपलांचे ठसे होते. त्यांचे पाय लहान, माझे मोठे, त्यामुळं प्रत्येक ठशाबाहेर माझी टाच किंवा बोटं येत होती. नर्सला धीर असतो असं लोक म्हणतात. माझ्या तोंडात थुंकी उरली नव्हती. तंबूत पोर झोपलीय आणि मी हे काय करतेय, असं मनात येत होतं, आणि पाय पुढं पडत होते. तेव्हा त्या बाईंवर माझी माया किती होती आणि नुसता धाक किती होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण त्यांना तिथं एकटं बसवून ठेवणं मला जमणार नव्हतं.

मी पोचले आणि कसंबसं विचारलं, "आई, खाली काय आहे?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "बस हयसर. पदर पसर."

माझ्या अंगावर सलवार-कमीज होता. मी ओढणी पसरली आणि बसले. त्यांनी नऊवारीचा काठ वीतभर उचलला. खाली जमीन जागोजाग तडकली होती, आणि प्रत्येक तड्यात एक गोरा, गुळगुळीत फगा डोकं काढून होता. मी मोजायला लागले तर त्यांनी माझ्या मांडीवर चापटी मारली.

गावाकडं हे सगळ्या बायकांना ठाऊक असतं. अळंबी सापडली आणि तेवढ्यात दुसरं कुणी आलं, तर त्यावर लुगडं पसरून बसायचं. पाय दुखल्याचं सोंग करायचं. येणारा पुढं जाईपर्यंत उठायचं नाही. सासूबाई वाट बघत होत्या, आम्ही सगळे पुढं जाण्याची. आणि आम्ही सगळे श्वास रोखून, एकाच जागी उभे.

मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याऐवजी मी रडायला लागले, आणि रडता रडता हसायला. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, एवढी अळंबी बघून घाटावरच्या बाईला आनंद झाला. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"तो दगड बघ, आणि तो तारेचो खांब. दोघांच्या मधी. ध्यानात ठेव. तुझ्या घोवाक सांगू नको."

मी हात हलवून सगळं ठीक असल्याचं कळवलं. आधी यम्मा आली. तिनं पसरलेलं लुगडं पाहिलं, माझी ओढणी पाहिली, खालचा फगा पाहिला, आणि तिला सगळं समजलं. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं, आणि बसल्यावर तिनंही आपला अंगावरचा काळा अबाया पसरला. मालक मात्र हसला नाही. त्यानं पोलिसांना पुन्हा फोन करून माफी मागितली. गाडीत नवऱ्यानं आईला हळू आवाजात सांगितलं, की आम्हाला काय वाटलं होतं. सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

फग्यात वाळू फार. सात वेळा पाणी बदलावं लागतं. संध्याकाळी आम्ही दोघी सिंकपाशी उभ्या होतो, त्या चोळत होत्या, मी पाणी बदलत होते. चौथ्या की पाचव्या पाण्याला त्यांनी मान न उचलता विचारलं.

"खाली बाँब आसा असां वाटलां तुका?"

मी हो म्हटलं.

"मगे इलंस कित्याक?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून," मी म्हटलं.

हातातला फगा चोळत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरसुद्धा. बाहेरच्या खोलीत नवरा त्यांची बॅग काट्यावर ठेवत होता. त्यानं तिथूनच विचारलं, की किलोभर जागा आहे, काही भरायचं राहिलंय का.

"झिला, तिकीट फुडे ढकल," सासूबाई म्हणाल्या. "हिका एकटीक ती जागा सापडाची नाय."

नवरा दारात येऊन उभा राहिला. कसली जागा, म्हणून त्यानं विचारलं. आम्ही दोघींनी त्याला सांगितलं नाही.