आल्टो म्हणजे उंच

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही चार-पाच मराठी ख्रिस्ती कुटुंबं होतो. महिन्यातून एकदा मराठी उपासना व्हायची. तिचं गायनमंडळ सांभाळणाऱ्या बाईंनी मला शाळकरी वयातच आल्टोत टाकलं. चाल सोप्रानोच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या, मुली गाणार, आम्ही खालून वेगळ्याच स्वरांनी तिला साथ देणार. सोप्रानोतली उरलेली जागा एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलीला गेली. तिचा आवाज माझ्यापेक्षा वर जात नव्हता, हे मी आजही सांगेन.

मी भांडले. बाईंनी समजावलं, की आल्टो म्हणजे इटालियनमध्ये उंच. पूर्वी चर्चमध्ये फक्त पुरुष गात. मुख्य चाल टेनर धरून ठेवायचा, त्याच्या वरचा आवाज आल्टो. मग बायका गाऊ लागल्या, त्यांचा आवाज आणखी वर गेला आणि हे नाव आमच्या खालच्या पट्टीला चिकटून राहिलं.

"तुझ्या आवाजाचं नावच उंच आहे बघ," त्या म्हणाल्या.

"मग नाव तिला द्या, चाल मला द्या."

नाही दिली. पुढे मी फरीदाबादला कारखान्यांना गणवेश पुरवायचा धंदा शून्यातून उभा केला. तिथे सगळ्यांशी घासाघीस करून जिंकले. रविवारी मात्र आल्टोतच.

आई हिंदूराव हॉस्पिटलात शेवटचं आजारपण काढत होती. एका दुपारी तिने संध्याकाळचं गीत म्हणायला सांगितलं. घरी नेहमी चाल ती म्हणायची, मी खालून. मी सुरुवात केली.

"हे कुठलं गं?"

"तेच, आई."

"ते असं नाहीये."

मी चिडले. शब्द तेच आहेत, नीट ऐक, म्हटलं. पुन्हा सुरू केलं. चाल कानात स्पष्ट होती, पण दोन शब्दांत गळा आपोआप खाली उतरला. आई म्हणाली, राहू दे. मग तिने स्वतःच चाल उचलली आणि अर्ध्या कडव्यात तिला दम लागला. उरलेलं कडवं मी एकटीने आल्टोत संपवलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

दोन दिवसांनी ती गेली. दफनविधीला मला रडू आलं नाही, रागही आला नाही. बाई काठी टेकत आल्या होत्या. मी सरळ त्यांच्यासमोर गेले.

"आईला चाल हवी होती. मला येईना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गायनमंडळाकडे.

"आल्टोत आज कुणीच नाहीये," त्या म्हणाल्या.

मी जाऊन उभी राहिले.