माझी एक ओळ
आईच्या फोनची रिंग वाजली की मला सात रस्त्याजवळचा तो स्टुडिओ आठवतो. शाळेच्या स्वागतगीताचं रेकॉर्डिंग होतं, आम्हा शिक्षिकांची प्रत्येकीची एकेक ओळ. बंद खोलीत गजऱ्यांचा आणि घामाचा वास कोंडला होता. रेकॉर्डिस्टनं सगळ्यांसमोर स्क्रीनवर नेमका माझा तुकडा निवडला. "ह्या मॅडमची ओळ तेवढी सुरात आणतो," म्हणाला. दोन बटणं दाबली आणि ओळ गोड झाली. मग कुणी माझ्याकडं बघेना. आईनं हौसेनं तीच ओळ रिंगटोन म्हणून लावून घेतली. काल भाजी चिरताना मी सहज गुणगुणले, तर म्हणाली, "फोनमधी लई गोड गातीस की. घरातच असं का गातीस?" तेवढ्यात तिचा फोन वाजला. माझी ओळ संपेपर्यंत तिनं तो उचलला नाही.