घाबरतंय

सगळं गाव तिला फौजदारीण म्हणायचं. माझी बायको. घरात साप निघाला की आम्ही बाप्ये कोयता शोधत फिरायचो, ही काठीवर उचलून बांधापलीकडे सोडून यायची. वर आम्हालाच म्हणायची, "काय घाबरता? त्येच घाबरलंय बिचारं."

मोठ्या दुष्काळात आम्ही दोघं देवणीच्या बाजूला सडकेच्या कामावर खडी फोडायचो. मुकादम बायांना लेकरं पाजायला बसू देईना. हिने हातोडा खाली ठेवला. "मालक, तुमाला काय दगडानं पाजलं हुतं का?" सगळ्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी बाभळीखाली लेकरांना जागा झाली. दिवसभर फुफाटा नाकातोंडात जायचा, पण हिने तोंडाला पदर बांधला नाही. बांधला तर बोलायचं कसं?

लातूर नवा जिल्हा झाला, तोवर तिची छाती वाजायला लागली होती. दोन घागरी आणल्या की उंबऱ्यावर टेकायची. "लई घाबरून राहिलंय बघा." आमच्याकडे दम पुरेना झाला की असंच म्हणतात. त्यात भीतीबिती काही नसते. मला ते ठाऊक होतं, तरी मी चिडवायचो, "फौजदारीण अन् घाबरली!" ती हसायची, मग खोकत बसायची.

लातूरला नेलं. डॉक्टर तरणा, लांबच्या मुलखातला. हिने सांगितलं, "घाबरतंय." तो म्हणाला, "बाई, एवढं घाबरता कशाला? मनातली भीती काढा." छातीला नळीसुद्धा न लावता झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मी शेजारीच उभा होतो. साहेब, तिला दम लागतो, एवढंच म्हणायचं होतं. शिकल्या माणसापुढे माझी जीभ उचलली नाही.

बाहेर आल्यावर ती एवढंच बोलली, "मला भित्री म्हन्ला." त्यानंतर तो शब्द तिने तोंडातून काढला नाही. दवाखान्याची पायरीही चढली नाही. कधी विचारलं तर, "काय न्हाई, बसले जरा."

आता कुणी दवाखान्याला निघालं की मी हटकतो, घाबरतंय म्हणू नका, दम लागतो म्हणा. लोक हाव म्हणतात आणि जातात. मीही थकलो सांगून.

लातूरहून आल्यावर दोन उन्हाळे तिने असेच काढले. शेवटच्या दुपारी भिंतीला टेकून बसली होती. नाकपुड्या हलत होत्या. मी तिचा हात धरून विचारलं, "घाबरतंय का?"

तिने मान हलवली. न्हाई. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमीच घाबरलाव," म्हणाली.

लातूरलाही मीच घाबरलो होतो.