चिप झोपली आणि पाणी आलं

दुसऱ्याचा कोड तपासणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात टाक्या कोरड्या आणि किस्से मात्र काठोकाठ! ऑफिस तीन माणसांचं. नळाला पाणी आलं की जागं होऊन मोटर सुरू करणारं, एरवी बॅटरी वाचवत झोपणारं यंत्र आम्ही बनवत होतो. चिपला झोपवणारा-उठवणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, देशपांडे सर आणि दत्ता लिहायचे, मी तपासायची. बिडकीनकडं नवीन इमारती उठवणारा एक बिल्डर ऑर्डर देणार होता. ती हुकली तर ऑफिसला कुलूप, हे सरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

*

पहिला धक्का खुद्द सरांनीच दिला. बॅटरी बघता बघता मान टाकायची. मी कोड उघडला तर झोपायच्या फंक्शनमध्ये एकच ओळ. 'सगळं ठीक' असं कळवायचं आणि परत फिरायचं! चिप टक्क जागी.

"सर, हे तर रिकामं आहे!"

"एरर येते का?"

"नाही."

"मग?"



*

मग दत्तानं लिहिलं. त्याचे वडील अजून मेंढरं राखतात. त्याची चिप झोपायची खरी, पण कशानंही उठायची. घड्याळ पुढं सरकलं, ऊठ! बटणाला धक्का लागला, ऊठ!

"अरे, नुसती पाण्यानं उठव ना!"

"मॅडम, मेंढरामागं असंच निजावं लागतं. लांडगा काय सांगून येतो व्हय?"

तो गंमत करत नव्हता. तेच बघून मी हादरले.

*

ऑफिसच्या नळावर चाचणी घेतली. यंत्र झटकन उठलं, मोटर सुरू, आमच्या टाळ्या! मोटर नुसतीच घरघरत राहिली आणि जळाली.

आमच्याकडं नळाला पाण्याआधी हवा येते. घरी ती फुसफुस ऐकूनच आम्ही बादल्या मांडतो. तरी तिघांपैकी एकालाही कोड लिहिताना ते आठवू नये?

"हवा बी वळखली की आपल्या चिपनं," दत्ता म्हणाला. "लई हुशार हाय!"

सरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो चहा सांगायला निघून गेला.

*

अखेर सगळं जमलं. यंत्र पुंडलिकनगरात सरांच्या मावशींच्या नळाला लावलं. मावशी निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. यंत्राचा रोज ऑफिसला मेसेज यायचा: बॅटरी भरलेली, पाणी आलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. पाणी नाही याचं कुणालाच काही वाटलं नाही, वर्षच तसं होतं. बॅटरीवर मात्र सर बेहद्द खूश! बिल्डरला घेऊन ते थेट मावशींकडं निघाले. मीही गेले.

"मावशी, तीन आठवडे पाणी नाही म्हणजे हालच की," बिल्डर म्हणाला.

"नाही कसं? परवाच टाकी भरून वाहिली!"

सर नळाकडं धावले. तिथं काहीच नव्हतं! मावशींनी शांतपणे लाकडी कपाट उघडलं आणि पैठणीखालून फडक्यात गुंडाळलेलं आमचं यंत्र काढलं.

"एवढी महागाची वस्तू बाहेर ठेवतात का रे? तुम्ही गेलात, तशी काढून ठेवली. बघ, ओरखडासुद्धा नाही!"

सर पांढरेफटक. बिल्डरनं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"मग मावशी, पाणी आलेलं तुम्हाला कळतं कसं?"

"शेजारची शकू ओरडते की," मावशी म्हणाल्या. "तिला बॅटरी लागत नाही!"