नऊ चौकोनांखालची म्हण

माझ्या लहानपणी टीव्हीवर म्हणी ओळखायचा एक खेळ लागायचा. मोठं चित्र नऊ चौकोनांनी झाकलेलं असे. एकेक चौकोन उघडत जाई आणि चित्रातली म्हण जितकी लवकर ओळखाल तितके गुण जास्त. नाशिकला आमच्या घरी त्या अर्ध्या तासात कुणी जागचं हलत नसे.

रियाधमध्ये बारा वर्षं काढल्यावर तो खेळ आठवला माझ्या अकरा वर्षांच्या मुलीमुळे. एकदा मी तिला म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!" तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "विच अंगण?" नवरा खो खो हसला. मला नाही हसू आलं.

मराठी मंडळाच्या बैठकीत मी तो खेळ पुन्हा करायचं ठरवून टाकलं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, मोबाइल सोडून पोरं पुठ्ठे बघत बसतील?" मी म्हटलं, "बसतील. बघाच तुम्ही."

दोन महिने मी चित्रं काढत होते. चाळीस पुठ्ठे, प्रत्येकावर उघडता येणाऱ्या नऊ चौकोनी झडपा. 'उंटावरचा शहाणा'साठी इथलाच उंट काढला आणि वर एक टाय लावलेला साहेब बसवला. नवरा ऑफिसातून आला की झडपा कापून चिकटवून द्यायचा. तो कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे त्याची एकही झडप वाकडी झाली नाही. मी त्याला म्हणायचे, "हे फक्त तुलाच दिसतंय हं. मुलीला दाखवू नकोस, तीही खेळणार आहे." "एवढं कळतं मला," तो म्हणायचा.

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी, शहराबाहेर भाड्याने घेतलेल्या एका बंगल्यात झाला. लहानथोर सगळे एकत्रच खेळणार होते. तिथे एक वेल्डर आले होते, पन्नाशीचे, मूळचे कोकणातले. हफ्र अल बातिनला कामगारांच्या कॅम्पात राहायचे. खेळाचा निरोप वाचून पाच तास बसने आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातावर ठिणग्यांचे जुने डाग.

"वाडीत एकच टीवी होतो," ते मला म्हणाले. "आमी खिडकीतसून बघायचो. म्होरच्यांची डोकी आड येत. अर्धा चित्र दिसायचाच नाय, तरी म्हण वळखायचो."

आणि खरंच, तीन-चार चौकोनांत ते म्हण सांगत. मुलांनी त्यांना डोक्यावर घेतलं. उंटावरचा साहेब उघडला तेव्हा तर पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडली. मोबाइल कुणाच्या हातात नव्हता. मी अध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी लांबूनच हात जोडले.

अंतिम फेरीत ते वेल्डर आणि माझी मुलगी. ती तिथवर कशी पोचली याचं मला नवल वाटत होतं, पण आईचं मन, ते नवल करता करताच सुखावलं होतं. दोघांचे गुण सारखे झाले. शेवटचा पुठ्ठा मी लावला, पहिला चौकोन उघडला. कोपऱ्यात नुसता पिवळा रंग. घंटी वाजली.

"पी हळद आणि हो गोरी!" माझी मुलगी म्हणाली.

सगळा हॉल उठून उभा राहिला. मी तिला मिठीत घेऊन रडले. वेल्डरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीची बस गाठायची म्हणून जेवणाआधीच निघाले.

नऊ-दहा दिवसांनी मुलीच्या टॅबवर शाळेचं एक वेळापत्रक शोधत होते. तिथे माझी चित्रं सापडली. चाळीसच्या चाळीस, झडपा लावायच्या आधी काढलेले फोटो. प्रत्येकाखाली इंग्रजी लिपीत म्हण लिहिलेली. मुलीला हाक मारली. तिने एकदा टॅबकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाबा सेड इट्स फॉर यू," ती म्हणाली. मग मराठीत, अडखळत, "तू खूश होशील म्हणून."

नवरा आला तेव्हा टॅब मी जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. त्याने नाकारलं नाही.

"दोन महिने तू खपत होतीस," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर आपलीच पोरगी गप्प उभी राहिली असती, तर तुझं तोंड बघवलं असतं का?"

"माझ्या तोंडासाठी तू मलाच फसवलंस?"

"फसवलं काय! पाठांतर तिनेच केलं ना? चाळीस म्हणी येतात तिला आता."

"अर्थ येतो?"

त्याने टॅब उलटा करून ठेवला. मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर तो माझ्याशेजारी बसून झडपा चिकटवत होता आणि "एवढं कळतं मला" म्हणत होता, ते.

मी अध्यक्षांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनी, लेकरू आहे. सोडून द्या. परदेशात वाढलेली मुलगी मराठी म्हणींत पहिली आली, हे आपण तिकडे महाराष्ट्रातल्या मंडळांनाही कळवलंय. आता ते मागे घ्यायचं म्हणजे..."

"पण ते खोटं आहे."

"कार्यक्रम तर खरा झाला ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वेल्डरांना फोन लावला. त्यांची जेवणाची सुट्टी होती, मागे ताटांचा आवाज येत होता. मी सगळं सांगून टाकलं.

"माका तेवाच कळला होता," ते म्हणाले. "नुसत्या पिवळ्या रंगावरसून म्हण कोण वळखतला? पण तुमच्या चेडवाक काय बोलू नकात." मग जरा थांबून, "एक इचारू, वैनी? तुमका ठावक होता?"

"नाही हो. शपथ, नाही."

"मग बरा," ते म्हणाले. म्हणजे इतके दिवस ते मलाच त्यात धरून चालले होते. मिठी मारून रडणारी ती बाई त्यांनी कोणत्या नजरेने पाहिली असेल, हे मनात आलं आणि मला फोन धरवेना.

पुढच्या शुक्रवारी मंडळात मी उभी राहून खरं काय ते सांगितलं. नवरा आला नाही. दोघी-तिघींनी माझा हात धरला, बाकीचे चहाकडे वळले. जिंकलेला चषक मुलीने स्वतः खोक्यात भरला, चिठ्ठीवर मराठीत 'सॉरी काका' लिहिलं आणि आम्ही दोघींनी तो हफ्रला पाठवून दिला. तो पोचल्याचा निरोप आला. ते काका मात्र मंडळात परत आले नाहीत.

खेळ आता दर वर्षी होतो, पडद्यावर, हिंदीत, सगळ्या भारतीयांसाठी. मला कुणी बोलावत नाही.

नवरा अजून म्हणतो, "तुझ्यासाठीच केलं." परवा मी नवीन चित्र काढत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सुरेख झालंय." मी वळून त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खरं म्हणतोय की नाही, काही कळलं नाही.