डबा, गयामावशी आणि माझं शेजारप्रेम

गेल्या नाताळाच्या आधी मी शेजारणीवर इतकं प्रेम केलं, की तिच्या घरात खायला काही उरलं नाही.

(शेजारीणबाई सत्तरीच्या आहेत. आमच्या सुनीताचा गैरसमज झाला नाही, तुमचाही होऊ देऊ नका.)

झालं असं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी आमच्या हिंगोलीच्या छोट्याशा चर्चमध्ये पाळकसाहेबांनी पहिली मेणबत्ती लावली आणि म्हणाले, "नाताळ येईपर्यंत प्रत्येकानं एका शेजाऱ्यावर प्रेम करा. खरंखुरं करा. आन् गुपचूप करा, बोभाटा नको." मला ते इतकं पटलं, की चर्चच्या फाटकापर्यंत जाताना भेटेल त्याला मी सांगत सुटलो, "मी गुपचूप प्रेम करणार आहे!"

शेजारी म्हणून निवडल्या गयामावशी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. मूळच्या हट्टा गावच्या; नवरा वारला, पोरगं पुण्याला कंपनीत. घरात त्या आणि राणी. राणी म्हणजे त्यांची कोंबडी. मावशी दिवसभर तिच्याशी बोलायच्या आणि राणीही न चुकता उत्तर द्यायची. "बाई एकटी, लुगडं जुनं, म्हणजे गरजूच," असा मी निकाल लावून टाकला. त्यांना विचारलं का? छे! प्रेमात विचारतात का कुठं!

त्याच दुपारी सुनीताकडून केक करून घेतला. (प्रेम माझं, मेहनत तिची. लग्नापासून असंच चाललंय.) स्टीलच्या डब्यात भरून मावशींच्या दारात गेलो.

"जयभीम मावशी! हे घ्या, खास तुमच्यासाठी."

"अगं बाई! काहून तकलीफ केली बापू?"

"तकलीफ कसली! प्रेम आहे हे," मी म्हणालो. मावशी जरा दचकल्या, पण डबा घेतला.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. तुरीच्या शेंगांनी भरून! आता आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे मला काय ठाऊक नव्हतं? आयुष्यभर मीही असेच डबे परत केलेत. पण त्या दिवशी मला वाटलं, हे तर बरोबरीत सुटलं! दिलेलं परत आलं तर प्रेम कुठं राहिलं? म्हणून मी त्याहून मोठा डबा काढला. केक, वर करंज्या.

तो परत आला तेव्हा आत राणीची अंडी होती.

"बरं झालं," सुनीता म्हणाली, "केकाला अंडी आणायला नकोत." तिनं लगेच ती फेटून केक केला आणि मी तो ताबडतोब मावशींकडे पोचवला. मग डब्यात भुईमुगाच्या शेंगा आल्या. मी अनारसे दिले. त्यांनी ज्वारीचं पीठ दिलं. मी चिडलो. होय, चिडलो! आपण मायेनं द्यायला जावं आणि माणसानं असं तोंडावर परत फेकावं? मी घरातला गव्हाचा डबाच रिकामा केला.

"अवं, एवढ्या मोठ्या डब्यात काय देऊन राहिले?" सुनीता ओरडली.

"प्रेम!"

"प्रेम ताटलीत मावत न्हाई का तुमचं?"

मी ऐकलं नाही. चिवडा, चकल्या, करंज्या आणि मधोमध केक असा तो डबा खांद्यावर घेऊन मी भरदुपारी गल्लीतून गेलो. (गुपचूप.)

नाताळाच्या आदल्या दिवशी मावशी दारात आल्या. काखेत आमचा गव्हाचा डबा, हातात डालगं. डब्यात काही नव्हतं. डालग्यात राणी होती.

"घरात दुसरं काईच न्हाई राहिलं बापू," मावशी म्हणाल्या. "पीठ बी सरलं, शेंगा बी सरल्या. पर रिकामा डबा कसा देऊ? ही घ्या. मोठा सण हाय तुमचा." आणि पदर डोळ्याला लावून, मागं न बघता निघून गेल्या.

ज्या बाईला सोबत म्हणून एक जीव होता, तो मी डब्यात मोजून घेतला होता! मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली, विनोद सोडा.

तेवढ्यात परभणीहून सुनीताचा धाकटा भाऊ प्रकाश सणाला येऊन टेकला. डालग्यात डोकावला आणि त्याचा चेहरा उजळला.

"दाजी! आल्या आल्या कोंबडी? एवढं काहून केलं!"

"प्रकाश, ती खायची नाही."

"मंग काय हळदी-कुंकू लावायचं हाय तिला?" असं म्हणत तो स्वयंपाकघरात शिरला आणि चाकूला धार लावायचा आवाज यायला लागला. राणीनं तो आवाज माझ्याआधी ओळखला. डालगं उलटं, राणी सुलटी, आणि ती थेट ओसरीवर आम्ही कडब्यानं बांधलेल्या नाताळाच्या गोठ्यात! तिनं पहिल्या झपाट्यात मातीचे मेंढपाळ आडवे केले. मग गव्हाणीतल्या बाळाला बाजूला सारून स्वतः तिथं ठाण मांडून बसली.

"धरा तिला!" प्रकाश चाकू घेऊन धावला.

"चाकू टाक आधी!" सुनीता.

मी झेप घेतली. गोठा माझ्यासकट बसला. आणि अगदी त्याच क्षणी पाळकसाहेब नाताळाची गाणी म्हणणारी मंडळी घेऊन दारात हजर! त्यांना दिसलं ते असं: प्रकाशच्या हातात चाकू, सुनीताच्या हातात लाटणं, आणि कडब्यात पालथा पडलेला मी, कोंबडीला छातीशी धरून.

"दिलीपराव," ते हळूच म्हणाले, "हे काय चालू हाय?"

"शेजाऱ्यावर प्रेम करून राहिलोय, साहेब!"

मग मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "प्रेम करा म्हणलो होतो. कुस्ती खेळा म्हणलो न्हवतो. जा, कोंबडी देऊन या. आन् डबा नेऊ नका!"

केसात कडबा तसाच ठेवून मी राणीला घेऊन गेलो. मावशींनी दार उघडलं, राणीला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आता हिच्या बदल्यात काय देऊ रे बापू तुला?"

"काही नको मावशी! हात जोडतो. उद्या आमच्याकडे जेवायला या. डबा नाही, भांडं नाही, परत द्यायची भानगड नाही."

मावशी उंबऱ्यावरच बसल्या. "सुटले गं माय! अरे, पोरगं महिन्याच्या महिन्याला पैसे धाडतंय, मला काय कमी हाय? पर बाजाराला जायला सवड कुटं? दिसभर तुमचा डबा कशानं भरू, हाच घोर!"

"पण केक तरी आवडला ना?"

मावशींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "रागावू नको लेका. गोड खाल्लं की माझे दात ठणकतेत. कुणाचं दिलेलं टाकू तरी कसं? राणीलाच घालत होते."

मी राणीकडे बघितलं. चांगली गुबगुबीत झाली होती! म्हणजे मी केक द्यायचा, राणीनं खायचा, अंडी घालायची, सुनीतानं त्यांचा पुन्हा केक करायचा आणि मी तो खांद्यावरून पोचवायचा. आगमनकाळभर मी एका कोंबडीची खानावळ चालवत होतो!

मावशी नाताळाला आल्या, दोन घास जास्तच जेवल्या, आणि तेव्हापासून दर रविवारी येतात. रिकाम्या हातानं, हसत हसत. प्रकाशला वरण-भातावर भागवावं लागलं, त्यानं अजून मला माफ केलेलं नाही. आणि मी? अख्ख्या गल्लीत माझं प्रेम मनापासून गोड मानून घेणारा एकच जीव निघाला, आणि त्यालाच मी सुरीखाली नेऊन ठेवलं होतं!